लाकडी पाय आणि तेलाचा क्लच

इंजिन बोंबलत होतं आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं चढ चढत होती.

उंब्रज मागं टाकून दहा-पंधरा मिनिटं झाली होती. मे महिना, दुपारचे बारा. स्टिअरिंगवर मी, शेजारी सुभेदार, मागच्या सीटवर त्यांचे थोरले भाऊ आबा. मी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. आवाज वाढला, वेग काही वाढेना. मग पायांखालच्या फळीतून जळका वास आला. ज्यानं जन्मात एकदा क्लच जाळलाय, त्याला तो वास ओळखायला विचार करावा लागत नाही. 

मागून आबा म्हणाले, "मिस्त्री, इंजन एवढं कोकलतंय आन् गाडी हाय तितंच. ही कसली गाडी म्हनायची?"

"क्लच स्लिप होतोय."

"म्हंजी?"

"म्हणजे थांबायला लागतंय."

 सुभेदारांनी खिशातून घड्याळ काढलं, बघितलं आणि परत ठेवलं. चार वाजता साताऱ्यात त्यांची लायसनची परीक्षा होती.

आता हे सुभेदार कोण ते सांगतो, नाहीतर माझा जीव का टांगणीला लागला होता ते कळायचं नाही. आष्ट्याचे राहणारे. घरचा ऊस, चार भाऊ, खटलं मोठं. लढाईत सुरुंगावर डावा पाय गेला, गुडघ्याखालून. पुण्याच्या लष्करी इस्पितळानं लाकडी पाय दिला. घरी आले तर कामच नाही. सरीतून चालता येईना, मोटंवर उभं राहता येईना. घरात मान मोठा, चहा आधी त्यांना, पण दिवसभर ओट्यावर बसून करायचं काय? दोन वर्षं बसले. मग लिलावात निघालेली एक जुनी विलायती मोटार घेऊन आले. आष्ट्याहून सांगलीला माणसं न्यायची, आजारी, बाळंतीण, कोर्टातली, बाजारातली. असं त्यांच्या मनात होतं.

घरात भडका उडाला. शेवटी आबांनी तोड काढली. परीक्षा पास झाला तर गाडी ठेव. नापास झाला तर इस्लामपूरचा एक माणूस घ्यायला तयार आहे, त्याला ती द्यायची आणि पुन्हा मोटारीचं नाव काढायचं नाही. सुभेदारांनी थोरल्या भावाला शब्द दिला. पाय गेलेल्या माणसाला लायसन मिळणं तेव्हाही अवघडच होतं. तपासणाऱ्या साहेबांनी चिठ्ठी पाठवली होती: जी गाडी चालवणार तीच घेऊन या, एकदाच बघेन.

आणि ती गाडी आता उंब्रजच्या पुढं चढावर वास मारत उभी होती.

क्लच म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इंजिन आणि चाकं यांच्या मधे एक थाळी असते. स्प्रिंगा तिला इंजिनच्या चाकावर दाबून धरतात, म्हणून इंजिनचा जोर गाडीला मिळतो. गिअर बदलताना पेडल दाबलं की थाळी सुटते. पेडल सोडलं की पुन्हा बसते. थाळी नीट बसली नाही तर घसरते. इंजिन फिरतं आणि गाडी जागेवर. तेव्हा आमच्याकडच्या बहुतेक गाड्यांत पेडलपासून क्लचपर्यंत लोखंडी दांडा असायचा. ह्या गाडीत दांड्याऐवजी तेल होतं. पेडल दाबलं की सिलिंडरमधला दट्ट्या तेल ढकलतो, ते नळीतून जातं आणि तिकडे क्लच उचलतं. पेडल लोण्यासारखं हलकं. सुभेदारांनी गाडी त्याच्यासाठीच तर घेतली होती.

सांगलीच्या आमच्या गॅरेजात तसली गाडी पहिल्यांदाच आली. गॅरेज तात्यांचं. मी हेड मिस्त्री, वय तिशीचं, अंगात मस्ती. सगळं येतं असं वाटायचं वय ते.

तात्यांनी विचारलं होतं, "पुस्तक आहे का गाडीचं?"

"नाही."

"मग ब्रेकसारखं धर. तेलाच्या ब्रेकला प्ले ठेवतोस ना, तसाच ह्याला ठेव."

प्ले म्हणजे मोकळी चाल. पेडल थोडं रिकामं जायला पाहिजे, साधारण अर्धा इंच, आणि मग जोर लागायला पाहिजे. मला माहीत होतं. तात्यांनी सांगितलंही होतं. आणि तरीही मी ठेवला नाही! का, ते सांगायला आजसुद्धा लाज वाटते.

सुभेदार महिनाभर आष्ट्याच्या माळावर माझ्याबरोबर शिकत होते. एक दिवस त्यांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, "मिस्त्री, पेडल आधी मोकळं जातंय ते कळंना मला. ह्या लाकडाला काय समजतंय? मला वाटतं दाबलं, आन् दाबल्यालंच नसतं. गिअर करकरतो. ते मोकळं काढून टाका. पाय ठिवला की लागलंच पायजे."

मी त्यांच्या बुटाकडं पाहिलं. दोन्ही बूट आरशासारखे. लाकडी पायाच्या बुटालाही तेवढंच पॉलिश. माझा जीव कळवळला. पाना घेतला आणि प्ले काढून टाकला, सगळा. त्या दिवसापासून सुभेदारांनी गाडी अशी चालवली की बघत राहावं. मी स्वतःवर खूश. तात्यांना बोललोच नाही.

उंब्रजपुढच्या चढावर यातलं काहीही मला आठवलं नाही. भीती वाटली की माणूस आधी मोठ्या दुखण्याचा विचार करतो. मला वाटलं थाळी गेली. थाळी गेली म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, दोन दिवसांचं काम, परीक्षा गेली, गाडी गेली. मी बोनेट उघडलं, बंद केलं, परत उघडलं. उगाच.

"किती येळ लागंल?" सुभेदारांनी विचारलं.

"बघतो."

"मला खरं सांगा, मिस्त्री. आमाला खरं ऐकायची सवय हाय."

"खरं म्हणजे मला कळलेलं नाही."

आबा बाभळीच्या सावलीला बसले होते. तिथूनच म्हणाले, "मी म्हनलंच हुतं." काय म्हटलं होतं ते सांगितलं नाही.

मी गाडीखाली शिरलो. तापलेली सडक पाठीला लागत होती. क्लचच्या बाजूला नळी जिथं संपते, तिथं एक लहानसं निपल असतं. तेलात हवा शिरली तर ती काढायला. दुसरं काही सुचेना म्हणून मी ते पाऊण आटा सैल केलं. फस्सकन गरम तेलाची पिचकारी माझ्या गालावर बसली.

"पेडलवर पाय कुणी ठेवला?" मी खालून ओरडलो.

"कुनी न्हाई. मी भाईर उभा हाय," सुभेदार म्हणाले.

निपल बंद केलं आणि मी तसाच पडून राहिलो. पेडलवर कुणाचा पाय नाही, तरी नळीत दाब! म्हणजे क्लच अर्धवट दाबलेलाच होता, आपला आपण. मग डोक्यात लख्ख उजेड पडला.

त्या सिलिंडरमधे एक बारीक भोक असतं. दट्ट्या पुरता मागं आला की ते उघडतं. तेल तापलं की फुगतं, आणि फुगलेलं तेल त्या भोकातून वरच्या तेलाच्या टाकीत परत जातं. दट्ट्या पुरता मागं यावा म्हणूनच पेडलला प्ले ठेवायचा. मी प्ले काढला, दट्ट्या केसभर पुढं राहिला, भोक बंद. आष्ट्याच्या माळावर घटकाभर गाडी फिरायची तेव्हा तेल तापायचंच नाही. आज मे महिन्यात चाळीस मैल आलो. कऱ्हाडच्या बाजारात बैलगाड्यांमागं पन्नास वेळा क्लच दाबला. तेल तापलं, फुगलं, त्याला जायला वाट नाही. मग त्यानं क्लच दाबला. थाळीचा काही दोष नव्हता, दोष माझा होता.

बाहेर आलो. तोंड तेलानं माखलेलं. म्हणालो, "सुभेदार, चूक माझी आहे." आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "मीच सांगितलं हुतं प्ले काडायला."

"तुम्ही सांगितलं तरी मी काढायला नको होता. मिस्त्री मी आहे."

"आता काय करायचं, बोला."

इथं माझी खरी परीक्षा होती. दाब उतरला होता. गाडी सावलीत तासभर उभी केली, पुढं हळू नेली, तर साताऱ्यात पंधरा-वीस मिनिटांच्या परीक्षेपुरतं निभावलं असतं. बहुतेक. सुभेदारांच्या पायाला सवयीचंच पेडल राहिलं असतं. किंवा मग आत्ता पुन्हा प्ले ठेवायचा. गाडी नीट होणार, पण पेडल अनोळखी, आणि परीक्षा तीन तासांवर. मी दोन्ही सांगितलं. आणि मनातून म्हणत होतो, राहू दे म्हणा, बाबा, राहू दे म्हणा.

सुभेदारांनी विचार करायला फार वेळ घेतला नाही. "मिस्त्री, उद्या माज्या मागं बाळंतीण बसंल, कुनाचं म्हातारं बसंल. चढावर असं झालं तर त्यास्नी काय सांगू? परीक्षेपुरती नीट हुती, म्हनून? ठिवा प्ले."

मी लॉकनट सैल केला, दट्ट्या ढकलणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, फिरवला, अर्धा इंच प्ले दिला. टाकीत बाटलीतलं तेल भरलं. दहा मिनिटांचं काम. दोन-दोनदा मोजून बघितलं म्हणून वीस लागली.

मग सुभेदार स्टिअरिंगवर बसले. तिथं रस्ता सरळ आणि मोकळा होता. पहिला गिअर पडला. दुसरा, कर्रर्र! पुन्हा थांबवलं, पुन्हा निघाले. पुन्हा कर्रर्र. तिसऱ्यांदा गाडी आचका देऊन बंदच पडली. सुभेदारांनी मूठ वळली आणि त्या लाकडी पायावर दाणकन हाणली.

"ह्या ठोकळ्याला काय सांगू? मोकळं कुटं सपलं, जोर कुटं लागला, ह्याला काय बी कळंना!"

इतक्या दिवसांत त्यांचा चढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मला रडू येईल असं वाटलं, खोटं कशाला सांगू? आबा उठून उभे राहिले होते. आबांनी भावाकडं पाहिलं आणि मान दुसरीकडं फिरवली.

सुभेदार खाली उतरले. साहेबापुढं जायचं म्हणून पिशवीतून पॉलिशची डबी काढली, दगडावर बसले आणि धुळीनं भरलेले बूट पुसायला लागले. हात कशात तरी गुंतवायचे म्हणून असेल. पॉलिश झालं तरी डबी हातातच. अंगठ्यानं ते झाकण मधोमध दाबायचे, सोडायचे. टक्. टक्. टक्.

मी ती टकटक दोन मिनिटं वैतागून ऐकत होतो. मग एकदम म्हणालो, "ते झाकण द्या."

"कशाला?"

"द्या हो! पायाला कळत नसेल तर कानाला कळू दे."

पेडल सोडलं की ते परत येऊन फळीखाली एका ठोकळ्याला टेकतं. मी ते झाकण ठोकळ्यावर तारेनं बांधलं. पेडल टेकलं की झाकणाचं पोट आत जातं, टक्. पेडल खाली निघालं की पोट बाहेर येतं, पुन्हा टक्. अर्धा इंच प्ले जिथं संपतो, नेमका तिथं आवाज यायला पाहिजे. तार चार वेळा सोडली, चार वेळा बांधली. झाकण कधी फार लवकर वाजायचं, कधी वाजायचंच नाही. पाचव्यांदा जमलं.

"टक् झालं की रिकामं संपलं," मी सांगितलं. "तिथून पुढं खरं दाबायचं, बुडापर्यंत. सोडताना पुन्हा टक् झालं की पेडल घरी गेलं, पाय बाजूला काढा. टक् झालं नाही तर पाय पेडलवरच राहिलाय असं समजा. तसा राहिला तरी क्लच घसरतो."

"म्हंजी आर्डर ऐकायची," सुभेदार म्हणाले.

"तसंच समजा."

आबा म्हणाले, "डबी वाजवत परीक्षा देनार? हासतील की लोकं."

"हासू द्या," सुभेदार म्हणाले, आणि गाडीत बसले.

पहिल्या फेरीला एकदा करकरली. दुसऱ्या फेरीला नाही. तिसऱ्यालाही नाही. आणखी सराव करायला वेळ नव्हता. साताऱ्यात पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते.

साहेब उंच, सोला हॅट घातलेले, तुटक बोलणारे. "पाय कुठला?"

"डावा, साहेब."

"बोगद्याच्या चढावर मधे थांबवायची. पुन्हा उचलायची. मागं घरंगळली तर नापास. चला." मग आमच्याकडं वळून, "तुम्ही दोघं इथंच थांबा."

चढाच्या पायथ्याशी मी आणि आबा उभे राहिलो. गाडी वर गेली. निम्म्या चढावर थांबली. माझं सगळं लक्ष मागच्या चाकाकडं. गाडी मागं आली! वीतभर, जास्त नाही, पण आली. मग इंजिनचा आवाज भरला आणि ती उचलली, आणि वळणाआड गेली.

"आली न्हवं मागं?" आबा म्हणाले.

"जराशी."

आबा तंबाखू मळायला लागले. मळतच राहिले, तोंडात टाकेनात. शेवटी मीच बोललो. "आबा, आज काय उलटं झालं तर ते माझ्यामुळं. त्यांच्या गाडीवर राग काढू नका."

"राग कशाचा, मिस्त्री?" ते चढाकडं बघत म्हणाले. "पलटनीत भरती करायला मीच घिऊन गेलो हुतो त्याला. ह्याच साताऱ्यात. म्हनलं, घरात एक तरी शिपाई पायजे. एक पाय दिऊन आला. आता ह्या मोटारीत आनी काय झालं, तर आईला काय तोंड दावू मी? म्हनून म्हनतोय इका."

 इतके दिवस मी ह्या माणसाला दगड समजत होतो.

वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. मग वळणावर गाडी दिसली. स्टिअरिंगवर साहेब होते. सुभेदार शेजारी, ताठ बसलेले. परीक्षा घेणारा माणूस स्वतः गाडी चालवत परत येतो, याचा अर्थ काय व्हायचा?

"आटपलं," आबा म्हणाले. गाडी विका म्हणणारे ते, पण हे म्हणताना त्यांनाही बरं वाटत असल्याचं दिसेना.

साहेब उतरले. "मिस्त्री तुम्हीच? ही टकटक कसली?"

मी सांगितलं. प्ले काय, तेल कसं तापलं, पॉलिशची डबी. माझी चूकही सांगितली, लपवून आता काय मिळणार होतं?

"चढावर गाडी वीतभर मागं आली," साहेब म्हणाले.

आबांनी हातातली तंबाखू खाली टाकली.

"म्हणून मी स्वतः त्याच चढावर उचलून बघितली. माझीही तेवढीच आली." त्यांनी बोनेटवर कागद ठेवला आणि लिहायला लागले. "ह्याच गाडीपुरतं लायसन. आवाजाची खूण चालू असेल तरच चालवायची. टकटक बंद पडली तर गाडी उभी करायची. कळलं?"

सुभेदारांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. कागद हातात घेतला, दोनदा वाचला, आणि मग आबांच्या हातात दिला. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो उलटा-सुलटा बघितला, घडी घातली आणि आपल्याच खिशात ठेवला. परत दिला नाही.

परतीला स्टिअरिंगवर सुभेदार, शेजारी मी, मागं आबा. तोच चढ उतरलो. पुढच्या चढांवरही क्लच घसरला नाही. उतरती उन्हं होती. कऱ्हाडच्या बाजारात पुन्हा बैलगाड्या लागल्या. टक्, टक्, टक्. बाजार संपला आणि गाडी मोकळ्या रस्त्याला लागली. मला दमून डुलकी लागत होती. तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला.

"रामा, टक् न्हाई झालं रं. पाय काड."

सुभेदारांनी पाय काढला. टक् झालं. मी मागं वळून बघितलं तर आबा पुढं वाकून, कान देऊन बसले होते. आष्ट्यापर्यंत तसेच.

सांगलीला गेल्यावर तात्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. सुभेदार पुढं दरवर्षी यायचे, येताना पॉलिशची डबी आणायचे, झाकण बदलून न्यायचे. मी मात्र त्यानंतर एक गोष्ट कधी सोडली नाही. कुठं दुखतंय ते गिऱ्हाइकानं सांगावं, मी ऐकतो. पाना कुठं लावायचा ते मी ठरवतो. क्लचचा प्ले काढा म्हणणाऱ्याला मी सरळ दुसरं गॅरेज दाखवतो.